घर की दवाखाना? आधी दाईचं बोला

गेल्या वर्षी जूनमध्ये, पाऊस नुकता धरला होता तेव्हा, बर्मिंगहॅमहून भाचीचा फोन आला. "खाला, या खेपेला मी घरीच बाळंत होणार आहे." मी विचारलं, "घरी म्हणजे? इकडे येतेस?" ती हसली. "नाही गं खाला, इथल्याच घरी. माझ्या खोलीत."

मला हसू आलं नाही. आमच्या घराण्यात घरच्या बाळंतपणाची एकच गोष्ट सांगितली जाते. दाभोळच्या खाडीकाठी आमचं आजोळ. १९७१ च्या पावसाळ्यात माझी थोरली खाला तिसऱ्या खेपेला बाळंत झाली. मूल रडलं, त्याच्या कानात अजान झाली, गूळ वाटला, आणि मग तिचं रक्त थांबेना. दाईनं पोट चोळलं, पायांखाली उशा दिल्या, मूल छातीला लावलं. तिला येत होतं ते सगळं तिनं केलं. तर रात्री बंद. होडीवाल्याला उठवून, ओहोटीचा चिखल तुडवून पलीकडे न्यायची तयारी होईपर्यंत फजर झाली आणि खाला गेली होती. ते मूल म्हणजे माझा मावसभाऊ, आता पन्नाशी ओलांडलेला. त्याच्या वाढदिवसाला आमच्यात कुणी गोड करत नाही.

म्हणून मी भाचीला फोनवरच झाडलं. शिकलेल्या पोरी, परदेशात राहता, हाताशी एवढे मोठे दवाखाने, आणि हे काय खूळ. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि संध्याकाळी तिच्या दाईबरोबर बसून केलेल्या योजनेचे फोटो पाठवले. ते कागद मी तीनदा वाचले. तेव्हापासून माझं मत बदललं असं म्हणणार नाही, पण मी भांडत होते ते चुकीच्या गोष्टीशी, एवढं कळलं.

तिकडची पद्धत अशी. प्रत्येक गरोदर बाईला सरकारी आरोग्यसेवेतली, म्हणजे एनएचएसची, मिडवाइफ मिळते. ही नर्स नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. तीन वर्षांची पदवी घेऊन नोंदणी झालेली दाईच. इंग्लंडमध्ये दाईच्या कामाला कायद्याची चौकट १९०२ पासून आहे. त्यातल्या काही जणी वस्तीवर काम करतात, त्यांना कम्युनिटी मिडवाइफ म्हणतात. गरोदरपणाच्या तपासण्या त्या करतात, बाळंतपणानंतर दहा दिवस तरी घरी येऊन किंवा बोलावून आईला आणि बाळाला बघतात, आणि जिला घरी बाळंत व्हायचं आहे आणि जिची तब्येत त्याला साजेशी आहे तिच्या घरीही जातात. तिथं कायम राहणाऱ्या बाईला याचे पैसे पडत नाहीत.

भाचीचं हे दुसरं. पहिलं दवाखान्यात, साधं, टाके सोडले तर काही त्रास नाही. रक्तदाब ठीक, साखर ठीक, रक्त भरलेलं, बाळ एकच आणि डोकं खाली. यातलं एक जरी बिघडलं असतं तरी दाईनंच तिला घर सोडायचा सल्ला दिला असता. छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास दाई घर बघून गेली. जिना किती अरुंद, गाडी कुठं लागेल, दारातला दिवा लागतो का, मोबाइलला रेंज कुठं जाते. सदतिसावा आठवडा पूर्ण होण्याआधी कळा आल्या तर दवाखाना, बेचाळीस उलटले तरी दवाखाना. कळा सुरू झाल्यावर एक दाई येणार, बाळ बाहेर यायच्या वेळेला दुसरी. एक आईला बघायला, एक बाळाला. बरोबर प्राणवायू, बाळाला श्वास देण्याची पिशवी आणि मुखवटा, वेदना कमी करणारा गॅस, आणि रक्त थांबवायचं इंजेक्शन. सुरुवातीच्या कळांत दर पंधरा मिनिटांनी बाळाचे ठोके ऐकायचे, जोर करायच्या वेळी दर पाच मिनिटांनी. पाठीत देतात ते वेदनाशामक घरी मिळत नाही, ते हवं तर दवाखान्यात जा, असं स्पष्ट लिहिलेलं. बायकोनं काय खायचं, नवऱ्यानं जुने टॉवेल किती काढून ठेवायचे, पलंगावर प्लास्टिक कसं अंथरायचं, हेही.

पण मी थबकले ते वेगळ्याच ठिकाणी. त्या कागदांचा जवळजवळ निम्मा भाग घरातून बाहेर कसं पडायचं याबद्दल होता. कोणत्या खुणा दिसल्या तर अँब्युलन्स, कोणत्या दवाखान्यात, किती मिनिटं लागतात, थोरल्या पोरीला कोण सांभाळणार, बाळासाठी पिशवी कुठं टांगलेली असणार. घरी बाळंत व्हायची योजना म्हणजे वेळेवर घर सोडायची योजना! माझ्या खालाकडे हेच नव्हतं. दाई होती, माया होती, सगळं घर जागं होतं. होडी नव्हती आणि इंजेक्शन नव्हतं.

आकडे सांगते, कारण नुसत्या भावनेवर हे ठरवू नये. इंग्लंडमध्ये सुमारे चौसष्ट हजार बायकांच्या बाळंतपणांचा एक मोठा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्या कमी जोखमीच्या बायका. ज्यांचं आधी मूल झालेलं होतं त्यांच्या बाळांना घरी जास्त धोका दिसला नाही, आणि आईवरची चिरफाड मात्र बरीच कमी झाली. पहिलटकरणींचं तसं नाही. त्यांच्या बाळांवर गंभीर संकट येण्याचं प्रमाण दवाखान्यात हजारी ५.३ होतं, घरी ९.३. आणि घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के जणींना मध्येच किंवा लगेच नंतर दवाखान्यात हलवावं लागलं. दुसरी-तिसरी खेप असलेल्यांत १२ टक्के. हे आकडे लपवत नाहीत, गरोदर बाईच्या हातात देतात आणि म्हणतात, आता तू ठरव.

आता आपल्याकडचं. भाचीची बातमी खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली आणि दोन दिवसांत तिथं एक लांबलचक मेसेज फिरला. घरी बाळंत होणं हाच आपला रिवाज, दवाखान्यात बेपर्दगी होते, डॉक्टर पैशासाठी पोट फाडतात, हजरत मरियमला कुठं दवाखाना होता, औषधाला हात न लावता सगळं होतं, वगैरे. खाली माशाअल्लाहची रांग. माझ्या भाचीला त्यांनी आपल्या बाजूची करून टाकलं होतं.

हाच युक्तिवाद केरळात माणसाच्या जिवावर उठला. तिथं घरच्या बाळंतपणाचा धर्माच्या आणि निसर्गोपचाराच्या नावानं प्रचार करणारे काही गट आहेत. एप्रिल २०२५ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात एक पस्तीस वर्षांची बाई पाचव्या खेपेला घरी बाळंत झाली आणि रक्तस्रावानं गेली. मूल वाचलं. नवऱ्याला पोलिसांनी पकडलं. केरळ म्हणजे जवळजवळ शंभर टक्के बाळंतपणं दवाखान्यात होणारं राज्य, दवाखाना मैलोगणती लांब असण्याचाही प्रश्न नव्हता. पाचव्या खेपेला गर्भाशय नीट आकसत नाही आणि रक्त जाण्याचा धोका वाढतो, हे कुठलीही शिकलेली दाई सांगेल. बर्मिंगहॅममध्ये अशा बाईनं घरचा हट्ट धरला असता तर आधी बसवून बोलले असते. १९७१ ला खाडीनं अडवलं म्हणून खाला गेली. २०२५ ला त्या बाईला कुणी अडवलं?

धर्माचं म्हणाल, तर मी आलिमा नाही, पण वाचते. मरियम खजुराच्या झाडाखाली एकटी होती, कारण तिला सोबत करणारं कुणी नव्हतं. त्या एकटेपणात मौत मागण्याइतकी ती कळवळली असं कुरआनच सांगतं. तिच्या दुःखाचा कुणी नियम कसा करू शकतो? आपल्या परंपरेत मान आहे तो घराच्या चार भिंतींना नाही, दाईला आहे. सीरतच्या ग्रंथांत सलमा नावाच्या दाईचा उल्लेख येतो, हजरत खदीजा यांची बाळंतपणं तिच्या हातून झाली असं नोंदलेलं आहे. बाळ जन्मलं का, जिवंत जन्मलं का, याबद्दल हनफी फिकहमध्ये एकट्या दाईची साक्ष चालते. (आम्ही कोकणी शाफई, आमच्याकडे चार बायका लागतात. इथंही आमचा हिशेब जरा कडक.) आणि चौदाव्या शतकातला इब्न खल्दून, ज्याचं नाव आपण इतिहासकार म्हणून घेतो, त्यानं मुकद्दिमामध्ये दाईच्या हुनरावर अख्खं प्रकरण लिहिलंय. हे काम बायकांचंच का, नाळ कशी कापायची, वार राहिली तर काय, बाळाचे हातपाय कसे हाताळायचे, इतक्या बारकाईनं. या हुनरावाचून माणसाची जात टिकणार नाही, असं तो म्हणतो. सुतारकी, शिवणकाम, वैद्यकी यांच्या रांगेत त्यानं दाईला बसवलं. शिकून यायचं काम, नुसतं वयावर येणारं नव्हे.

तरीही तो मेसेज लिहिणाऱ्यावर चिडून भागत नाही. कारण खाली माशाअल्लाह लिहिणाऱ्यांत बायका होत्या, दोन-तीन लेकरांच्या आया. त्यांना तो खरा का वाटला?

१९९० मध्ये मी तालुक्याच्या एका दवाखान्यात बाळंत झाले. अम्मीला दारातच थांबवलं. आत तीन खाटा, मध्ये पडदा नाही. अंगावर चादर मागितली तर कुणीतरी म्हणालं, इथं कशाला लाजतेस, तेव्हा लाजली नाहीस. कळ आल्यावर ओरडले म्हणून मांडीवर फटका बसला. आणि एक सिस्टर दुसरीला म्हणाली, यांच्यात काय, दरवर्षी पाळणा. माझं ते पहिलंच होतं! शेजारच्या खाटेवर कुणब्याची पोर होती, तिलाही फटके बसत होते. पलीकडे बौद्धवाडीतली होती, तिला वेगळे शब्द ऐकावे लागले. अपमान तिघींचा, फक्त प्रत्येकीच्या नावाचा निराळा. माझं बाळ सुखरूप, मी सुखरूप. त्या दवाखान्यानं जीव वाचवला असेलही. पण पुढच्या खेपेला दिवस भरत आले तेव्हा मला मरणापेक्षा त्या खोलीची भीती वाटत होती, आणि ही गोष्ट मी आजवर कुठं लिहिली नव्हती.

आता दवाखाने बरेच सुधारलेत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. देशात लाख जन्मांमागे आया मरण्याचा आकडा २००१ ते ०३ मध्ये तीनशेच्या वर होता, २०१८ ते २० मध्ये तो ९७ वर आला. महाराष्ट्राचा तर ३३. दवाखान्याला नावं ठेवताना हे विसरायचं नाही, यातली प्रत्येक वाचलेली बाई म्हणजे माझी खाला आहे. पण त्याच पाहणीत देशभरातल्या खासगी दवाखान्यांत दर शंभरातल्या सत्तेचाळीस बायकांचं सिझेरियन झाल्याचंही दिसतं. जीव वाचवण्यासाठी इतकी लागतात हे कुणी पटवून द्यावं. मेसेज लिहिणारा खोटं बोलत होता, पण त्यानं बोट ठेवलं ती जखम खरी होती.

आमच्या मोहल्ल्याची दाई शेवटची मी पाहिली ती १९९८ च्या सुमारास. मोहल्ल्यातली, कुणबीवाडीतली, बौद्धवाडीतली, सगळ्यांची बाळंतपणं तिनं केली होती. तिला एकदा सरकारी प्रशिक्षण मिळालं होतं. साबण, ब्लेड, दोरा असलेली पेटी ती ट्रंकेत कापडात बांधून ठेवायची. मूल आडवं आहे हे हात लावून सांगायची आणि मग हट्टानं तालुक्याला पाठवायची. तिच्या हातून मुलं दगावलीही, धनुर्वातानं, न रडता. तिला रंगवून देवी करायची माझी इच्छा नाही. पण ती रात्रभर बसायची. कमरेला तेल लावायची, दुवा म्हणायची, कुणबीण असेल तर तिच्या देवाचं नाव घ्यायची. २००५ नंतर जननी सुरक्षा योजना आली, दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब बाईला पैसे मिळू लागले, गावोगाव आशा आल्या. चांगलंच झालं. आशाताई बाईला दवाखान्याच्या दारापर्यंत नेते. आत मात्र तिचं काम नाही, आणि आत जी आहे तिच्या वाट्याला एका पाळीत इतक्या बाळंतिणी की कुणाच्या कमरेवर हात ठेवायला तिला वेळ नाही. आपण दाईला घरी बसवलं आणि तिची जागा कुणालाच दिली नाही.

गावातल्या बाईला शिकवून काय होतं हे याच महाराष्ट्रात दिसलेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. श्वास अडकलेलं बाळ, जंतुसंसर्ग झालेलं बाळ, अगदी इंजेक्शनपर्यंत. दाईंनाही त्या कामात धरलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बाळांचे मृत्यू, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे आशांचं नवजात बाळांसाठीचं घरभेटीचं काम याच वाटेनं आलं. बाळासाठी एवढं झालं. आईच्या उशाशी बसणारीचं काय?

त्याचं उत्तरही कागदावर आहे. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये मिडवाइफरीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. नर्सिंग झालेल्या मुलींना आणखी दीड वर्ष शिकवून नुसत्या बाळंतपणाच्या तज्ज्ञ करायचं, दवाखान्यातच त्यांच्या ताब्यातले वेगळे कक्ष द्यायचे. तेलंगणानं त्याआधीच, २०१७ पासून, हैदराबादच्या एका रुग्णालयाच्या मदतीनं हे सुरू केलं होतं. आपल्या तालुक्यापर्यंत हे कधी पोचेल? मागणी करणारं कुणी असेल तर. आपल्या जमातीकडे या मागणीसाठी निवेदन कधी तयार झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. जलशाला पैसे निघतात, कमानीला निघतात. पर्द्याची एवढी काळजी असलेल्या समाजानं दरवर्षी मोहल्ल्यातल्या दोन पोरी नर्सिंगला पाठवायला काय हरकत आहे? उलट पोरगी नर्सिंगला गेली की रात्रपाळीवरून तिच्या लग्नाच्या गोष्टी अडतात. बायकांना बाई हवी, पण ती बाई दुसऱ्या कुणाच्या घरची!

मला थेट विचाराल, तर आज कोकणात, किंवा मराठवाड्यातल्या कुठल्या वाडीत, मी कुणाला घरी बाळंत हो म्हणणार नाही. बोलावल्यावर येईल अशी शिकलेली दाई नाही, रात्री घाटात अँब्युलन्सला किती वेळ लागेल सांगता येत नाही, रक्त मिळायचं ठिकाण लांब. हे तीनही असेल तेव्हा बोलू. बर्मिंगहॅममध्येही दायांची कमतरता पडली की घरची सेवा बंद ठेवतात, कोविडच्या सुरुवातीला कित्येक ठिकाणी ठेवली होती. तिथं आपल्या बायकांचं सगळं छान चालतं असंही नाही. आशियाई वंशाच्या बायकांचं बाळंतपणातलं मरणाचं प्रमाण तिथल्या गोऱ्या बायकांपेक्षा जास्त येत आलंय. भाची म्हणाली, खाला, म्हणूनच मला ओळखीची दाई हवी. मला काय होतंय ते मी सांगितलं की जिला खरं वाटेल अशी.

तिचं झालं ते असं. ऑगस्टमध्ये पहाटे कळा सुरू झाल्या, दाई आली. सकाळी नऊच्या सुमारास पाणी गेलं ते हिरवट. बाळानं पोटातच शी केली होती. दाईनं ठोके ऐकले, सांगितलं की आत्ता तसं घाबरण्यासारखं नाही, पण आता निघायचं. वीस मिनिटांत अँब्युलन्स. आठांत एक जण घर सोडते म्हणाले होते साधारण, ती एक आमची निघाली. दाई तिच्याबरोबर अँब्युलन्समध्ये बसली, लेबर रूममध्येही आली, तिथल्यांना सगळं तपशिलानं सांगितलं, आणि ती असतानाच मुलगा झाला. मी फोनवर विचारलं, घरी झालं नाही याचं वाईट वाटतंय का? म्हणाली, थोडं. मग म्हणाली, पण खाला, एक क्षणही एकटी नव्हते.

माझ्या धाकट्या भावाच्या सुनेचे पुढच्या महिन्यात दिवस भरतायत. पहिलटकरीण, दवाखान्यातच जाणार. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीसोबत घरची एक बाई आत थांबू शकते, अशी सूचना केंद्र सरकारनं २०१६ मध्येच काढली आहे. बऱ्याच जणींना ती माहीत नसते आणि दारावर कुणी सांगतही नाही. मी परवा जाऊन विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "बघू, मॅडमना विचारावं लागेल." मॅडम बुधवारी असतात. बुधवारी पुन्हा जाणार आहे.